पाच पौंडांचा कारकून

१८८७ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्याच सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबई, साष्टी व वसई या टापूतील आमच्या ख्रिस्ती बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोवा व मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या इतर ख्रिस्ती मंडळींहून आपली ओळख निराळी राहावी, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या दिवसांपासून आपण या सरकारचे जुने सेवक आहोत हे सरकारच्या ध्यानी यावे, असा त्यामागील हेतू होता. या नावावरून आमच्यात आजवर पुष्कळ चर्चा झाली, वादही झडले. त्यात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या मनात उभा राहतो तो प्रश्न वेगळा आहे. ज्या कंपनीच्या सेवेचा वारसा या नावात सांगितला गेला, ती कंपनी नोकरीचे ठिकाण म्हणून कशी होती? आणि तिचे स्वतःचे, इंग्लंडहून आणलेले नोकर तिच्याशी कसे वागले?

शाळेच्या पुस्तकांतून कंपनी आपल्याला भेटते ती राज्यकर्ती म्हणून. परंतु राज्यकर्ती होण्याआधी दीडशे वर्षे ती एक कचेरी होती. तिला हजेरीपट होता, पगारपत्रक होते, बढतीच्या पायऱ्या होत्या, वरिष्ठांना पाठवावयाचे अहवाल होते. १६०० च्या ३१ डिसेंबरला सनद मिळालेली ही संस्था १७७२ साली, बंगालसारखा सुपीक मुलूख हाती असताना, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन लंडनच्या सरकारपुढे कर्जासाठी हात पसरून उभी राहिली. त्याच सुमारास तिचे निवृत्त नोकर मात्र इंग्लंडात जमीनजुमला विकत घेत होते, पार्लमेंटच्या जागा मिळवीत होते, आणि लोक त्यांना कुत्सितपणे ‘नबाब’ म्हणत होते. १७७२ मध्येच सॅम्युएल फूट याने याच नावाचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आणले. धनी कंगाल आणि नोकर श्रीमंत, हे घडले कसे? ज्या संस्थेने पोसले तिलाच माणूस का पोखरतो?

‘माणसेच वाईट होती’ हे उत्तर चटकन ओठांवर येते. ते कितपत टिकते हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्याही आधी विचारला गेला आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. पुरती तीन वर्षे होण्याच्या आत, १५४५ च्या जानेवारीत, कोचीनहून त्यांनी पोर्तुगालमधील आपले सहकारी सिमाव रोड्रिग्ज यांस कळविले की, राजाच्या हुद्द्यावर नेमून आपल्या कोणा स्नेह्याला इकडे येऊ देऊ नका. लुबाडणे या अर्थाचे ‘रापिओ’ हे लॅटिन क्रियापद इकडचे अधिकारी सगळ्या काळांत आणि सगळ्या अर्थांत चालवितात, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. सेमिनरीत लॅटिन क्रियापदांची रूपे घोकताना आमच्याही नाकी नऊ आले होते, त्यामुळे या उपरोधाची धार आम्हांस जरा अधिकच जाणवते. पण उपरोधापेक्षा महत्त्वाचे आहे ते पत्रातले निरीक्षण. वाईट माणसे इकडे पाठवू नका, एवढेच संतांनी लिहिले असते तर त्यात विशेष काही नव्हते. त्यांनी सावध केले ते स्नेह्यांविषयी. म्हणजे चांगला माणूसही येथे येऊन हे क्रियापद शिकेल, ही त्यांची भीती होती.

भीतीला कारणही होते. पोर्तुगीज राजाच्या व्यवस्थेत किल्लेदारी ही नोकरी कमी आणि बक्षीस अधिक असे. युद्धात कामगिरी बजावलेल्या सरदाराला मोबदला म्हणून होर्मूझ, सोफाला, मलाक्का यांसारख्या ठाण्याची किल्लेदारी तीन वर्षांपुरती लिहून दिली जाई. जागा थोड्या आणि सनदा पुष्कळ, त्यामुळे पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. काही हुद्दे तर पोरक्या मुलींना हुंडा म्हणून दिले जात. जो लग्न करील त्याला हुद्दा मिळे. अशा रीतीने हाती आलेल्या तीन वर्षांत मागच्या सेवेची वसुली, वाट पाहताना झालेले कर्ज आणि पुढच्या आयुष्याची बेगमी, हे सगळेच उरकावयाचे असे. साधा शिपाई तर पावसाळ्यात मोहिमा बंद पडल्या की पगारावाचून राही आणि कोणा सरदाराच्या पंगतीला जेवून दिवस काढी. १६१६ साली गोव्यात वारलेला इतिहासकार दियोगू दु कोतु याने एका अनुभवी शिपायाच्या मुखातून या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगणारा संवाद लिहून ठेवला आहे. तो छापला गेला १७९० साली, म्हणजे त्याचा उपयोग ज्यांना व्हावयाचा ते सर्व मातीस मिळाल्यावर.

आणि तरीही याच गोव्यात जुआंव द कास्त्रु होऊन गेला. १५४६ च्या दीवच्या वेढ्यानंतर किल्ला पुन्हा उभारण्यासाठी पैसा हवा होता. त्याच्यापाशी तारण ठेवण्यासारखे काही नव्हते, तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे पाठविले, आणि गोवेकरांनी त्याला कर्ज दिले. १५४८ च्या जूनमध्ये तो गोव्यात निवर्तला तेव्हा त्याच्या अंथरुणाशी स्वतः झेवियर होते, आणि त्याच्या पेटीत फारसे काही निघाले नाही. व्यवस्था तीच, हवा तीच, मोह तेच. माणूस मात्र निराळा. या एका माणसाकडे आम्हांस पुन्हा वळावे लागेल.

आता मुंबईकडे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात १६६१ च्या तहाने इंग्लंडच्या राजाकडे गेलेले हे बेट त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. हवा अशी की ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य’ ही म्हण गोऱ्या लोकांत रूढ झाली होती. अशा ठिकाणी इंग्लंडहून येऊन राहणाऱ्याला कंपनी काय देत होती? व्यापारी बाजूस सर्वांत खालची पायरी ‘रायटर’ची, म्हणजे कारकुनाची. त्यावर फॅक्टर, मग कनिष्ठ व्यापारी आणि वरिष्ठ व्यापारी. अठराव्या शतकात मद्रासेस किंवा कलकत्त्यास उतरणाऱ्या कारकुनाचा वार्षिक पगार पाच पौंड होता. महिन्याचा नव्हे, वर्षाचा. १७४४ साली रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा पोरगा मद्रासेस आला तो याच पगारावर. एवढ्यात माणूस जगू शकत नाही हे लंडनच्या संचालकांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये.

लष्करी बाजूची गोष्ट मुंबईतच घडली आणि ती आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. रिचर्ड किगविन हा कंपनीच्या मुंबईतील शिबंदीचा मुख्य होता. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात शिवछत्रपतींच्या आरमाराशी झालेल्या लढाईत त्याने ‘रिव्हेंज’ नावाचे जहाज हिमतीने लढविले होते. या कामगिरीनंतर त्याच्या वाट्यास आली ती काटकसर. लंडनमध्ये सर जोसाया चाइल्ड आणि सुरतेस अध्यक्ष जॉन चाइल्ड यांनी मुंबईच्या संरक्षणावरील खर्च कापावयास घेतला. शिबंदीचे वेतन व सवलती कमी झाल्या, किगविनचा स्वतःचा भत्ता गेला. एकीकडे मराठ्यांचे आरमार व दुसरीकडे सिद्दी अशा कात्रीत बेट सापडलेले असताना ही कपात चालली होती. या शिबंदीत गोऱ्या शिपायांबरोबर ‘तोपास’ म्हणून ओळखले जाणारे या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती शिपाईही होते. तक्रारी झाल्या, त्यांची दाद लागली नाही.

१६८३ च्या २७ डिसेंबरला किगविनने उपगव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला अटक केली, कंपनीचा अंमल संपल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावाने बेटाचा कारभार हाती घेतला. जवळजवळ एक वर्ष मुंबई कंपनीच्या ताब्यात नव्हती. या काळात त्याने संभाजीराजांकडे वकील पाठवून सलोखा केला, बेटाचा बंदोबस्त राखला, आणि आम्हांस विशेष वाटते ते हे की, हाती आलेला कंपनीचा खजिना त्याने स्वतःच्या खिशात घातला नाही. १६८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजाचे अभय घेऊन सर थॉमस ग्रँथम आला तेव्हा किगविनने किल्ला त्याच्या स्वाधीन केला. पुढे १६९० मध्ये वेस्ट इंडीजच्या सेंट ख्रिस्तोफर बेटावर राजाच्या आरमारात लढताना तो मारला गेला.

नोकराने धन्याचे ठाणेच बळकावणे याहून मोठा गुन्हा कोणता? कंपनीच्या दप्तरी तो बंडखोर ठरला, यात नवल नाही. पण आम्ही किगविनला बंगालमधल्या पुढच्या पिढीच्या शेजारी उभे करून पाहतो तेव्हा आमचा निवाडा डळमळू लागतो. किगविनचे गाऱ्हाणे उघड होते, त्याने ते उघड मांडले, आणि तोडही उघड काढली. बंगालमधल्या कोणीही कंपनीविरुद्ध झेंडा उभारला नाही. ते सगळे आज्ञाधारक होते. लंडनला जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली नम्र सेवक म्हणून सही करीत होते. कंपनीला खरी भोके पाडली ती त्यांनी.

हे चालले कसे, ते समजून घ्यावयास हवे. पाच पौंड पगार देणाऱ्या संचालकांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच नोकरांना एक वाट मोकळी सोडली होती. युरोपशी होणारा व्यापार कंपनीचा; आशियातल्या बंदराबंदरांत होणारा व्यापार नोकराने स्वतःच्या पैशाने खुशाल करावा. म्हणजे पगार नाममात्र आणि खरे उत्पन्न नोकरीच्या आडोशाने. जगातल्या कुठल्याही कचेरीत अशी तडजोड झाली की कोणते काम मन लावून होईल, हे सांगावयास पंडित नको. त्यातच कलकत्त्यास उतरणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराजवळ भांडवल नसे. ते त्याला बनियाकडून कर्जाऊ मिळे. नोकरीचा पहिला दिवस उजाडे तो कर्जासह.

१७१७ साली बादशहा फर्रुखसियर याच्या फर्मानाने वर्षाला तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ झाली. मालाबरोबर कंपनीचे ‘दस्तक’, म्हणजे माफीचा परवाना, असला की नाक्यावर कोणी अडवावयाचे नाही. सवलत कंपनीच्या मालाला होती. नोकरांनी ती आपल्या खाजगी मालाला लावली, आणि पुढे तर एतद्देशीय व्यापाऱ्यांना दस्तके विकूही लागले. नवाबाची जकात बुडाली. सिराजउद्दौल्याच्या इंग्रजांवरील रागाच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. १७५७ च्या २३ जूनला प्लासी झाली आणि मग या वाटेवरचा उरलासुरला अडसरही निघाला. मीठ, सुपारी, तंबाखू अशा रोजच्या वापराच्या वस्तूंचा देशांतर्गत व्यापार इंग्रज नोकर व त्यांचे गुमास्ते यांनी बिनजकात बळकावला. मीर कासीम नवाब झाल्यावर त्याने १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्टशी ठराव केला की इंग्रजांनी निदान नऊ टक्के जकात द्यावी. देशी व्यापारी तर याच्या कितीतरी पट देत होते. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा ठराव उडवून लावला. कौन्सिलचे सभासद कोण? तेच व्यापारी. ठरावाच्या बाजूने दोनच माणसे उरली, स्वतः व्हॅन्सिटार्ट आणि वॉरन हेस्टिंग्ज. तेव्हा मीर कासीमने १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात रद्द करून टाकली. सर्वांना सारखी वागणूक मिळाल्याचा राग येऊन नोकरांनी कंपनीला युद्धात लोटले, असा प्रसंग इतिहासात क्वचितच सापडेल. त्याचा शेवट १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सारला झाला.

नजराण्यांची कथा याहून सोपी आहे. नवाब बसवावयाचा, नजराणा घ्यावयाचा. तो उठवावयाचा, दुसरा बसवावयाचा, पुन्हा नजराणा. १७५७ ते १७६५ या आठ वर्षांत कंपनीच्या नोकरांनी घेतलेल्या नजराण्यांची पार्लमेंटच्या समितीने नंतर बेरीज केली, ती वीस लाख पौंडांच्या पुढे गेली. एकट्या क्लाइव्हच्या वाट्याला २,३४,००० पौंड रोख आले. वर्षाला सुमारे २७,००० पौंडांची जहागीर वेगळीच. पाच पौंडांवर आलेला पोरगा तो हाच.

तोच क्लाइव्ह १७६५ मध्ये गव्हर्नर होऊन पुन्हा आला तो झाडू घेऊन. त्याच्या हातात झाडू शोभत नव्हता हे उघड आहे, पण दुखणे कोठे आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करार लिहून घेतले. पण त्याबरोबर त्याने आणखी एक गोष्ट केली. वरिष्ठ नोकरांची एक मंडळी स्थापून मिठाच्या व्यापाराचा नफा हुद्द्याप्रमाणे त्यांच्यात वाटावयाची योजना काढली. योजना वाईट होती, कारण तो नफा गरीब रयतेच्या भाकरीतल्या मिठातून निघत होता. परंतु तिच्यामागचा विचार खोटा नव्हता. हात बांधावयाचे तर पोट भरले पाहिजे. लंडनच्या संचालकांनी योजना रद्द केली आणि तिच्या जागी पुरेसा पगारही दिला नाही. करार मात्र कायम ठेवले. आणि लष्करातील दुहेरी भत्ता बंद केला तेव्हा १७६६ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी राजीनामे देण्याचा कट केला, तोही क्लाइव्हने मोडून काढला.

संचालक एवढे आंधळे कसे, असे वाचकांना वाटेल. ते आंधळे नव्हते. कारकुनाच्या जागेवर माणूस नेमण्याचा हक्क प्रत्येक संचालकाकडे ठरावीक संख्येने असे. भाच्यापुतण्यांना, मित्रांच्या मुलांना, ज्यांचे उपकार फेडावयाचे अशांना त्या जागा दिल्या जात. पाच पौंडांच्या नोकरीसाठी लंडनची बडी घराणी का झगडत होती? ती पाच पौंडांसाठी झगडत नव्हती, एवढेच त्याचे उत्तर. भागधारकांनी बंगालची दिवाणी मिळाल्याच्या आनंदात लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत नेला. इंग्लंडच्या सरकारने १७६७ मध्ये वर्षाला चार लाख पौंड आपल्या तिजोरीसाठी ठरवून घेतले. पंगतीला सगळेच बसलेले होते. वाढपी तेवढा चोर ठरला. आणि ज्यांच्या शेतातून हे ताट वाढले जात होते त्या बंगालच्या रयतेवर १७७० चा दुष्काळ कोसळला. खुद्द हेस्टिंग्जच्या अंदाजाप्रमाणे तिसरा हिस्सा लोक त्यात गेले. दुष्काळातही धान्याच्या व्यापारात हात धुऊन घेतल्याचा आरोप कंपनीच्या नोकरांवर व त्यांच्या गुमास्त्यांवर झाला. दोन वर्षांनी कंपनीने कर्ज मागितले. १७७३ मध्ये पार्लमेंटने चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले आणि त्याबरोबर तिच्या कारभारावर नियंत्रणाचा पहिला कायदा केला.

याच सुमारास दोन मोठ्या माणसांनी आमच्या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. १७७६ मध्ये ॲडम स्मिथ याने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात या नोकरांविषयी लिहिताना, आपला रोख त्यांच्या स्वभावावर नसून त्यांना ज्या स्थितीत ठेवले गेले तिच्यावर आहे, असे स्पष्ट केले. टीका करणारेही त्या जागी असते तर फारसे वेगळे वागले नसते, असे त्याचे म्हणणे. एडमंड बर्क याने दुसरी वाट धरली. त्याने माणसाला धरले. १७८८ मध्ये हेस्टिंग्जवर पार्लमेंटपुढे महाभियोग सुरू झाला, तो सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. हेस्टिंग्ज निष्कलंक होता असे आम्ही म्हणत नाही. पण मीर कासीमशी झालेल्या ठरावाच्या वेळी ज्या दोघांनी सहकाऱ्यांच्या लोभाला विरोध केला त्यांपैकी एकाला पिंजऱ्यात उभे केले गेले आणि विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी काहीजण सुखाने घरी बसले, ही गोष्ट मनाला टोचते.

स्मिथ आम्हांस अधिक पटतो, हे कबूल केले पाहिजे. तथापि पापनिवेदन ऐकावयास बसणाऱ्या माणसाला तो सगळाच पटून चालत नाही. परिस्थितीने केले असे म्हटले की जुआंव द कास्त्रुचे काय करावयाचे? परिस्थिती त्याच्याही वाट्याला होती. चोरी करणारा हात शेवटी कोणाचा तरी असतो. पण कास्त्रुसारखा एखादाच निपजतो, आणि कचेरी चालवावयाची तर ती एखाद्याच्या भरवशावर चालविता येत नाही. धन्याने आपल्या नोकरांपैकी प्रत्येकजण कास्त्रु असेल असे धरून पगार ठरवावा आणि तो तसा न निघाल्यावर आश्चर्य करावे, यात धन्याचाही लबाडपणा आहे. योहान बाप्तिस्ता शिपायांना आपल्या पगारात समाधान मानावयास सांगतो, हे आम्ही प्रवचनांतून पुष्कळदा ऐकवितो. पगार म्हणण्याजोगा काही असावा हे त्यात गृहीत आहे, ते सांगावयाचे राहून जाते.

यानंतर लॉर्ड कॉर्नवॉलिस आला. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला हा सेनापती १७८६ मध्ये कलकत्त्यास गव्हर्नर जनरल झाला. त्याला आढळले ते चक्रावून टाकणारे होते. बनारसच्या रेसिडेंटला महिना हजार रुपये पगार होता आणि त्याचे प्रत्यक्ष वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आसपास होते. कॉर्नवॉलिसने बोर्ड ऑफ ट्रेडमधील लबाडांवर कारवाई केली, आणि मग पुष्कळांना न सुचलेली साधी गोष्ट केली. कलेक्टरचा पगार महिना दीड हजार रुपये ठरवला, वर वसुलीवर एक टक्का मेहनताना दिला, आणि खाजगी व्यापार सक्तीने बंद केला. उपाय लागू पडला. ज्या घराण्यांतून चोर येत होते त्याच घराण्यांतून पुढच्या पिढीचे सचोटीचे अधिकारी आले. रक्त बदलले नव्हते, तनखा बदलला होता. स्मिथचे म्हणणे खरे असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता त्याच कॉर्नवॉलिसची दुसरी बाजू पाहावी. त्याच वर्षांत त्याने बंगालमध्ये ठाणी बसविली आणि प्रत्येक ठाण्यावर एक देशी दरोगा नेमला. सुमारे चारशे चौरस मैलांचा टापू, त्यातील चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त, आणि पगार महिना पंचवीस रुपये. कलेक्टरच्या पगाराचा साठावा हिस्सा. दरोगा लाच खाऊ लागला. खाणारच होता. तेव्हा मात्र कोणी त्याच्या स्थितीकडे बोट दाखविले नाही. एतद्देशीय माणूस जात्याच भ्रष्ट, असे खुद्द कॉर्नवॉलिसचे मत होते, आणि १७९३ पासून वर्षाला पाचशे पौंडांहून अधिक पगाराच्या जागा हिंदी माणसाला बंद झाल्या. गोऱ्या नोकराची चोरी ही कमी पगाराचे फळ, आणि काळ्या नोकराची चोरी हा त्याचा स्वभाव! औषध हाती असून ते एकालाच पाजले, आणि दुसरा बरा झाला नाही म्हणून त्याच्या कुळाला दोष दिला. चाळीस वर्षांनी लॉर्ड बेंटिंकने न्यायखात्यात हिंदी माणसांना वरच्या जागा व बरे पगार देण्यास आरंभ केला. पोलीस शिपायाच्या अपुऱ्या पगाराची दखल घेऊन तो वाढविण्याची शिफारस तर १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने केली, म्हणजे दरोग्याची नेमणूक होऊन एकशे दहा वर्षे लोटल्यावर.

कॉर्नवॉलिसला नावे ठेवणे सोपे आहे. पण हीच वाक्यरचना आम्ही आमच्या वाड्यांतून, लग्नाच्या मांडवांतून आणि पॅरिश कौन्सिलच्या बैठकांतूनही ऐकतो. आपला मुलगा मुंबईच्या कचेरीतून काही घेऊन आला तर ‘कंपनी त्यांना पिळून घेते हो’. आणि बागेत पाणी शिंपणारा किंवा घरी भांडी घासणारी यांच्याकडून दोन नारळ, चार रुपये कमी झाले तर ‘ती माणसेच तशी’. बागवाल्याला आपण महिना काय देतो हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही, आणि विचारला तर चहा येतो.

आमच्या पूर्वजांकडे येऊन थांबतो. १७७४ च्या डिसेंबरात कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी तिच्याकडे आली. वसई १८१८ मध्ये आली. या गावांतील ख्रिस्ती तरुण अक्षर गिरवून कंपनीच्या कचेऱ्यांत शिरले. तेव्हा तिच्या सेवेचे दोन भाग झालेले होते. इंग्लंडात करारनाम्यावर सही करून येणाऱ्यांची सेवा करारबद्ध. तिला मोठा पगार, निवृत्तिवेतन आणि मान. बाकीचे सर्व बिनकरारी. आमचे लोक या दुसऱ्या भागात होते. त्यांच्या हातात दस्तक नव्हते, नजराणा त्यांना कोणी देत नव्हते, आणि कलेक्टरच्या पगाराशी त्यांच्या पगाराची तुलना होण्यासारखी नव्हती. ते बहुतेक कारकून म्हणूनच लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. १८७४ च्या १ जूनला कंपनी कायद्याने विसर्जित झाली. तिच्या सेवेचा वारसा सांगणारे नाव त्यांच्या मुलानातवंडांनी घेतले ते त्यानंतर तेरा वर्षांनी.